पप्पांचं १९९१ चं डर्ट ट्रॅकचं आरएक्स १०० इंजिन: २५ हजारांत परत उभं करायचंय

हिशेबनीस
(शुक्रवार, रात्री १०:१५)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचे पप्पा पूर्वी कोल्हापुरात उद्यमनगरला छोटं गॅरेज चालवायचे. त्याच काळात डर्ट ट्रॅकला गाडी पळवायचे. म्हणजे माळरानावर टँकरनं पाणी मारून धूळ बसवायची आणि बांबूला दोऱ्या बांधायच्या, तसल्या शर्यती. १९९१ साली एका अपघातातल्या यामाहा आरएक्स १०० चं इंजिन घेऊन त्यांनी ते स्वतः तयार केलं. पोर्ट, म्हणजे सिलेंडरच्या भिंतीतल्या खिडक्या, कानशीनं वाढवले, ऑइल पंप काढून टाकला, एक्स्पान्शन चेंबर (टू-स्ट्रोकचा फुगीर सायलेन्सर) पत्रा वळवून घरीच केला. दोन हंगाम पळवलं, तिसऱ्यात भर शर्यतीत सीज झालं. तेव्हापासून ते जिन्याखाली पोत्यात आहे. माझ्यापेक्षा वयानं मोठं आहे, त्यामुळं लहानपणापासून त्याला ओलांडूनच अभ्यासाला बसत आले.

पप्पा आता ६७ चे. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. मी सीएच्या ऑफिसात काम करते. इंजिन येत नाही, हिशेब येतो. आईनं २५,००० रुपयांची हद्द घातलीय आणि 'वर एक रुपया मागितला तर दोघं जिन्याखाली झोपा' असं सांगितलंय.

आजची स्थिती अशी. सीज झालेला पिस्टन बोअरमध्ये (सिलेंडरच्या पोकळीत) चिकटला होता. दोन आठवडे डिझेल घालून ठेवलं, मग लाकडाचा ठोकळा ठेवून ठोकल्यावर सुटला. बोअरला एका बाजूनं खोल ओरखडे आहेत आणि मुळात तो शेवटच्या साइझला, म्हणजे ५१ मिमीला, गेलेला आहे. मूळ ५० बाय ५० चं ९८ सीसी इंजिन या बोअरला १०२ सीसी होतं. पुढं वाढवायला जागा नाही. कनेक्टिंग रॉडला खालून प्ले आहे, हातानं वरखाली केला की टकटक ऐकू येते. मॅग्नेटच्या बाजूचं सील नखानं तुटलं.

ब्लॉक (सिलेंडर) नवा घ्यावा की आहे त्यातच स्लीव्ह (आतली नळी) नवी घालावी? आणि पैसा आधी कशावर घालावा? पप्पा म्हणतात पेट्रोलमध्ये वंगण म्हणून एरंडेल घातल्याशिवाय ते इंजिन चालूच करायचं नाही. त्याचंही सांगा.

टूस्ट्रोक_धूर
(शुक्रवार, रात्री १०:३१)

वाखु (वाचनखूण) साठवली. पोत्याचासुद्धा फोटो टाका.

नाना_पेठी
(शुक्रवार, रात्री ११:०२)

ताई, भावनेत अडकू नका. आमच्या पुण्यात नाना पेठेत आरएक्सचा नवा ब्लॉक, पिस्टन, रिंगा असा पूर्ण सेट मिळतो. बसवायचा आणि किक मारायची. स्लीव्ह, बोअरिंग, होनिंग (बोअरची शेवटची घासाई) करत तीन लोकांच्या दारात उभं राहण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. हं, मात्र डुप्लिकेट पिस्टन ओळखायला शिका. वजनाला जड लागतो, खिडक्यांच्या कडा खरखरीत असतात आणि गरम झाल्यावर कंपनीच्या पिस्टनपेक्षा जास्त फुगतो. जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथं नशीब असेल तर जुना ओरिजिनल ब्लॉकही सापडेल.

थाऊ_मास्तर
(शनिवार, सकाळी ६:४८)

लेथवर ४० वर्षं काढली, म्हणून चार शब्द जास्त लिहितो.

लोक जुनं टू-स्ट्रोक इंजिन उघडलं की आधी कार्बोरेटर घेतात, मग चकचकीत सायलेन्सर, आणि उरलेल्या पैशात क्रँक (पिस्टनची वरखाली चाल फिरतीत बदलणारा दांडा). उलटं करा. या इंजिनात पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं, पिस्टन खाली आला की तिथं दाबलं जातं आणि मग वर जातं. म्हणजे तुमची क्रँककेस हाच पंप आहे. पंपाला भोक असेल तर वर कितीही भारी कार्बोरेटर लावा.

क्रँक दोन तबकड्या आणि पिन दाबून केलेला असतो. रॉड, पिन आणि बेअरिंगचं किट घ्या आणि प्रेसवर बदलून घ्या. नुसतं दाबून घेऊन घरी येऊ नका. सेंटरमध्ये धरून डायल लावून फिरवून बघा, डोल दोन्ही टोकांना ०.०३ मिमीच्या आत यायला हवा. 'हातानं ट्रू (सरळ) केलाय, काळजी नको' म्हणणाऱ्याकडून क्रँक उचला आणि दुसरीकडं जा.

मेन बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. तो नंबर घेऊन बेअरिंगच्या दुकानात जा, स्पेअर पार्टच्या खोक्यातलं घेऊ नका. तेच बेअरिंग निम्म्या किमतीत मिळतं. सी-३ क्लिअरन्सचंच (आत जरा जास्त फट असलेलं) मागा, साधं दिलं तर गरम झाल्यावर आवळेल.

सील दोन्ही बाजूंची बदला. मॅग्नेटकडचं गेलं तर इंजिन बाहेरची हवा ओढतं, मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन वितळतो. क्लचकडचं गेलं तर गिअरचं ऑइल ओढतं आणि पांढरा धूर निघतो. तुमच्या पप्पांचं इंजिन भर शर्यतीत सीज झालं ना? कुठलं सील तुटकं निघालं ते तुम्हीच वर लिहिलंय.

ब्लॉकचा निर्णय क्रँकनंतर.

येझदीवाला
(शनिवार, सकाळी ९:२०)

थाऊमास्तरांशी १०० टक्के सहमत.

थोडं अवांतर. आमच्या वेळी रेस म्हटलं की शोलावरम. चेन्नईजवळची महायुद्धाच्या काळातली धावपट्टी. तिथं वळण कमी आणि सरळ जास्त, त्यामुळं ज्याचं इंजिन टिकलं तो जिंकला. १९९० ला इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक झाला आणि शोलावरमचे दिवस गेले. मी एकदा मित्राच्या आरडी ३५० बरोबर हेल्पर म्हणून रेल्वेनं गेलो होतो. ३४७ सीसी, दोन सिलेंडर, आणि क्रँकच्या मधोमध एक सील की जे बदलायचं तर क्रँक पूर्ण सुटा करावा लागतो. तुमचं एका सिलेंडरचं आहे, देवाचे आभार माना. तुमचे पप्पा शोलावरमला गेले होते का?

हिशेबनीस
(शनिवार, दुपारी ३:०५)

@येझदीवाला, विचारलं. म्हणाले, 'रेल्वेचं तिकीट काढलं असतं तर टायर कशानं घेतला असता?'

@नाना_पेठी, गंमत अशी की भावनेत मी अडकलेय, पप्पा नाहीत. ब्लॉकवर त्यांच्या कानशीचे माग आहेत. मी म्हटलं, हा ठेवूया. तर म्हणाले, 'मोडीत घाल जा. नवा आण की. लई लाडावू नकोस त्याला.' त्यांना इंजिन चालायला हवंय आणि मला तेच इंजिन चालायला हवंय.

त्यांच्याशी बोलून मी उठलो आणि

टूस्ट्रोक_धूर
(शनिवार, दुपारी ३:११)

ताई की दादा? 'करते' पण लिहिता आणि 'उठलो' पण. प्रतिसादही अर्धाच आलाय.

हिशेबनीस
(शनिवार, दुपारी ३:१९)

मोबाइलवरून चुकून पाठवला गेला. आणि कोल्हापूरच्या मुली 'आलो, गेलो, जेवलो'च म्हणतात. लिहिताना शाळेत शिकवलेलं आठवतं, बोलण्याच्या ओघात विसरतं. विषय संपला. :)

तर, उठलो आणि क्रँक घेऊन प्रेसवाल्याकडं गेलो. रॉड किट २,२००, प्रेस आणि ट्रू १,२००. डायल समोर लावून दाखवा म्हटल्यावर त्यानं जरा तोंड वाकडं केलं. पहिल्यांदा ०.०७ आलं. पितळी हातोडीनं दोनदा टोलवल्यावर ०.०२. मास्तर, तुमच्यामुळं वाचलं. बेअरिंग नंबरवरून घेतली, दोन्ही मिळून १,१००. सील ४५०.

कोव्हेंट्रीकर
(शनिवार, संध्याकाळी ७:४०)

एरंडेलाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी मूळचा सांगलीचा, इथं इंग्लंडात जुन्या मोटरसायकलींच्या क्लबात जातो. इथं म्हाताऱ्यांच्या शर्यती असतात, त्या दिवशी सगळ्या पॅडॉकला तो वास असतो. कॅस्ट्रॉल हे नावच कॅस्टर, म्हणजे एरंडेल, यावरून १९०९ साली पडलेलं आहे. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या रोटरी इंजिनांत तेच घालत, कारण ते पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही. तो धूर वैमानिकांच्या तोंडावर यायचा. एरंडेलानं पुढं काय होतं ते आपल्या आजीला विचारा.

गुण खरा आहे. खूप तापल्यावरही धातूला धरून राहतं. दोष तितकाच खरा आहे. थंड पेट्रोलमध्ये नीट मिसळत नाही, ठेवलं की तळाला बसतं, खनिज तेलात मिसळलं तर फाटतं आणि पिस्टनवर लाखेसारखा थर धरून रिंगा चिकटवतं. दर शर्यतीनंतर इंजिन उघडणाऱ्याला ते परवडतं. वर्षातून चारदा चालवायचं असेल तर आजचं चांगलं सिंथेटिक टू-स्ट्रोक ऑइल घ्या.

नाना_पेठी
(शनिवार, रात्री ८:०२)

आणि मेडिकलमधली एरंडेलाची बाटली ओतू नका कुणी. एकानं ओतलेली बघितलीय.

थाऊ_मास्तर
(रविवार, सकाळी ६:३०)

ब्लॉकचं. मी स्लीव्ह घाला म्हणेन, पण भावनेसाठी नाही. बाजारातल्या नव्या ब्लॉकचे पोर्ट रस्त्यावरच्या गाडीचे. ते परत कानशीनं वाढवायचे तर मेहनत तीच. तुमच्या ब्लॉकच्या वाटा आतून आधीच मोठ्या केलेल्या आहेत.

मात्र जुनी स्लीव्ह काढायच्या आधी पोर्टचा ठसा घ्या. बोअरमध्ये कागद गोल चिकटवून बसवा आणि आतून पेन्सिल आडवी घासा. खिडक्यांच्या कडा उमटतात. कागद उलगडला की सगळे पोर्ट एका पट्टीवर. ५१ च्या बोअरला १६० मिमी लांबीची पट्टी निघेल. वरच्या कडेपासून प्रत्येक पोर्टची उंची कॅलिपरनं मोजून त्यावर लिहा. जुनी सीडी असेल तर तिच्यावर अंशांचा कागद चिकटवून क्रँकला लावा, टायमिंग अंशांतही मिळेल.

हिशेबनीस
(पुढचा गुरुवार, रात्री ११:३०)

हा प्रतिसाद मोठा होणार आहे.

ठसा घेतला. सीडी म्हणून आईची भजनांची सीडी वापरली, ती आधीच खराब होती (असं आम्ही तिला सांगितलंय). एक्झॉस्ट (जळका धूर बाहेर सोडणारा पोर्ट) १८६ अंश उघडा राहतो. पप्पा म्हणाले, बरोबर, तेवढाच ठेवला होता. खालच्या वेगाला काही जोर नाही आणि वरच्याला सगळा.

मग कागद स्वयंपाकघरातल्या ओट्यावर पसरला आणि मी आकडे लिहायला लागले. डावा ट्रान्सफर (क्रँककेसमधलं मिश्रण वर आणणारा पोर्ट), उजवा ट्रान्सफर. उजवा १.२ मिमीनं वर. मला वाटलं माझंच मोजायला चुकलं, म्हणून परत मोजलं. पप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं कागदाच्या अगदी जवळ जाऊन बघितलं. मग ब्लॉक उचलून बोट आत घातलं आणि डावी-उजवी कड चाचपून बघत बराच वेळ बसले.

'ही बाजू वर हाय.'

मी म्हटलं, एवढ्यानं काय होतंय?

मग त्यांनी समजावलं. दोन्ही ट्रान्सफरमधून मिश्रण एकदम आलं तर ते मधोमध एकमेकांवर आपटतं, मागच्या भिंतीवर चढतं आणि जळका धूर पुढं ढकलतं. एक बाजू आधी उघडली की त्या बाजूचा झोत एकटाच आत शिरतो, समोर अडवायला कुणी नसतं, आणि तो तिरका होऊन थेट एक्झॉस्टमधून बाहेर. पेट्रोल जातं, जोर जातो, प्लग एकदा काळा दिसतो, एकदा पांढरा. त्या दोन हंगामांत त्यांनी म्हणे कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी भोकं) बदलले, चेंबर तीनदा कापून परत जोडला, प्लगचे तर डबे संपवले. वळणातून बाहेर पडताना गाडी एक क्षण अडखळायची ती शेवटपर्यंत अडखळतच राहिली. ते सगळ्यांना सांगायचे, कार्बोरेटरच खराब मिळाला.

'तेव्हा मोजलं न्हाईत का?'

'तेव्हा लई येतं असं वाटायचं.'

रात्री जेवताना अजिबात बोलले नाहीत. सकाळी उठून बघते तर कानशींचा डबा रॉकेलमध्ये भिजत घातलेला. ब्लॉक मोडीत घालायचं नाव परत काढलं नाही.

येझदीवाला
(गुरुवार, रात्री ११:५२)

झोप उडवलीत. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

टूस्ट्रोक_धूर
(शुक्रवार, सकाळी ८:१०)

कार्बोरेटरची जाहीर माफी मागायला हवी कुणीतरी.

हिशेबनीस
(दोन आठवड्यांनी, रविवार, दुपारी १२:४०)

स्लीव्ह बसली. ब्लॉक ॲल्युमिनियमचा, स्लीव्ह बिडाची. ब्लॉक साधारण २०० अंशांना तापवायचा, स्लीव्ह फ्रीजरमध्ये गार करायची, मग ती हातानं सरकून आत बसते. पण हे एका दमात व्हावं लागतं, अर्ध्यात अडकली तर संपलं. स्लीव्ह रात्रभर मटारच्या पिशवीशेजारी होती. ओव्हनला आईनं साफ नकार दिला. शेवटी गल्लीतल्या बेकरीवाल्या काकांनी शेवटची पावाची खेप काढल्यावर भट्टी दिली. ब्लॉक त्याआधी तीनदा धुवायला लावला, शिवाय लोखंडी ट्रे आमचाच. पप्पांनी चामड्याचे हातमोजे घालून ब्लॉक धरला, मी स्लीव्ह सोडली. 'टक्' असा आवाज आला आणि काम झालं. काका म्हणाले, एवढ्यासाठी एवढी मिजास?

पोर्ट पप्पांनी कापले. ठशाचा कागद समोर, आणि दोन्ही ट्रान्सफर आता डाव्या बाजूच्या उंचीला. आधी ग्राइंडर, शेवटचा अर्धा मिमी कानस. मी फक्त बॅटरी धरायला आणि दर दहा मिनिटांनी मोजायला.

आता चूक सांगते, म्हणजे दुसरं कुणी करणार नाही. बोअरिंगवाल्याला फोनवर 'स्टँडर्ड पिस्टन घालणार' एवढंच सांगून ब्लॉक पाठवला. त्यानं पुस्तकातल्या मापानं ५०.०४ केला. आमचा पिस्टन भरला ४९.९३. क्लिअरन्स ०.११, हवा होता ०.०४ च्या आसपास. नव्या स्लीव्हचं पहिलं आयुष्य एका दुपारी संपलं. ०.२५ मिमीनं मोठा पिस्टन आणून परत बोअर करावा लागला, २,०५० रुपये पाण्यात. पिस्टन हातात दिल्याशिवाय आणि त्यानं तो मायक्रोमीटरला लावलेला बघितल्याशिवाय बोअर करून घेऊ नका.

हिशेब असा. क्रँक, बेअरिंग, सील ४,९५०. स्लीव्ह, बसवणं, बोअर, होनिंग, पिस्टन आणि वरची चूक धरून ७,४५०. क्लच प्लेटा, पॅकिंग, कार्बोरेटरचं किट आणि चेंबरचं वेल्डिंग २,३००. एकूण १४,७००. चूक आईला सांगितलेली नाही, ती मराठी संकेतस्थळं वाचत नाही.

थाऊ_मास्तर
(रविवार, दुपारी १:१५)

होनिंगनंतर पोर्टच्या कडा मारल्या का? बारीक पॉलिश पेपरनं किंवा छोट्या दगडानं प्रत्येक खिडकीची धार मोडायलाच हवी. राहिली तर रिंग तिथं अडकून तुटते. हेड कायमचं लावायच्या आधी सोल्डरची तार पिस्टनच्या कडेला ठेवा, हेड आवळून क्रँक एकदा फिरवा आणि चेपलेली जाडी मोजा. १ मिमीच्या आसपास ठेवा.

आणि चालू करायच्या आधी लीक टेस्ट. घरात जुनं काट्याचं बीपी यंत्र आहे का?

हिशेबनीस
(रविवार, दुपारी १:२२)

आजीचं आहे. का?

थाऊ_मास्तर
(रविवार, दुपारी १:४०)

एक्झॉस्ट आणि कार्बोरेटरची तोंडं रबरी बुचानं बंद करा, एका बुचातून बीपीची नळी आत घाला. फुगा दाबून काटा ३०० वर न्या. ते झाले ०.४ बार, या इंजिनाला तेवढे पुरतात. पाच मिनिटांत २७० च्या खाली आला तर कुठंतरी गळतंय. साबणाचं पाणी लावा, बुडबुडे दिसतील. ऑइल पंप काढलेल्या जागेची पट्टी विसरू नका, तिथं बहुतेकांचं गळतं.

नाना_पेठी
(रविवार, दुपारी २:००)

इंजिनाचं बीपी! हा धागा फ्रेम करा रे कुणीतरी.

हिशेबनीस
(मंगळवार, रात्री ९:०५)

पहिल्यांदा काटा दोन मिनिटांत २२० वर. बुडबुडे नेमके पंपाच्या पट्टीतून. मास्तर, तुम्ही कुठं राहता? पेढे पाठवते. नवं पॅकिंग कापून लावलं, आता पाच मिनिटांत २९०. सोल्डर १.६ भरलं होतं, हेड लेथवर घासून १.०५ वर आणलं.

एरंडेलाचा तह झाला. टाकीत सिंथेटिक, १:२० नं, म्हणजे ५ लिटरला २५० मिली. आणि पहिली किक मारायच्या दिवशी पप्पांनी रेसिंगच्या एरंडेलाचे चार थेंब गरम चेंबरवर सोडायचे, फक्त वासापुरते.

कोव्हेंट्रीकर
(मंगळवार, रात्री ११:४८)

मेन जेट एक-दोन नंबर मोठा लावून सुरुवात करा. आता तुमच्याकडं ई२० (२० टक्के इथेनॉलचं) पेट्रोल आहे. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळं १९९१ चा जेट आज पातळ पडेल. आणि मिसळलेलं पेट्रोल महिनाभर ठेवू नका, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

हिशेबनीस
(शनिवार, रात्री ८:३०)

चालू झालं.

सांगाड्यात नाही, अजून अँगलच्या स्टँडवरच. अकरा किका लागल्या, बारावीला भडकलं. पहिल्यांदा १० मिनिटं हळू, थंड केलं, परत. दुसऱ्या खेपेला पप्पांनी थ्रॉटल जरा उघडला आणि शेजारचे सगळे गॅलरीत. चार थेंबांचा वास पार कोपऱ्यावरच्या पानपट्टीपर्यंत गेला, तिथले दोन म्हातारे चालत आले आणि काही न विचारता बसून राहिले. प्लग काढला तर तपकिरी, दोन्ही बाजूंना सारखा. पप्पांनी तो तीन वेळा फिरवून बघितला.

आईला चूक कळलीय. बोअरिंगवाल्याची बायको तिच्या भिशीत आहे.

येझदीवाला
(शनिवार, रात्री ८:४१)

जिओ! आवाजाचा व्हिडिओ कुठाय?

थाऊ_मास्तर
(रविवार, सकाळी ६:२०)

अभिनंदन दोघांचंही. एक राहिलं. कापून, होन करून झाल्यावर दोन्ही ट्रान्सफरची उंची शेवटची मोजली होती का?

हिशेबनीस
(रविवार, सकाळी १०:५०)

नव्हती मोजली. तुमचा प्रतिसाद पप्पांना वाचून दाखवला आणि चूक केली. हेड काढून मोजलं, ०.१ मिमीचा फरक निघाला. मी म्हटलं, पप्पा, हा काही फरक नाही, मास्तरांनाही चालेल.

'कुठली बाजू?' एवढंच विचारलं आणि कानस आणायला गेले. ब्लॉक परत खाली उतरवलाय. व्हिडिओ पुढच्या रविवारी.